पांढऱ्या बुचाचा चहा

ताईच्या कारखान्यात आया बरण्यांत राहायच्या. नवा माणूस हे ऐकून दचकायचा आणि ताईला त्याचीच गंमत वाटायची. गोड काळा चहा थंड करून बरणीत ओतायचा, त्यावर सायीसारखी जाड, पांढुरकी चकती सोडायची, की दहा दिवसांत तो चहा आंबून फसफसायला लागतो. त्या चकतीला या धंद्यात आई म्हणतात. प्रत्येक खेपेला तिच्यावर एक पातळ नवी चकती धरते, ती लेक. शहाणे लोक या चहाला कोंबुचा म्हणायचे, बाकीचे ताईचा चहा म्हणून मोकळे व्हायचे.

कारखाना म्हणजे घरामागची एक लांबट खोली. भिंतीला फळ्या, फळ्यांवर फडकी बांधलेल्या बावीस बरण्या, आणि रस्त्याकडच्या दारात आडवं टाकलेलं टेबल, तेच दुकान. हाताखाली एकटे मास्तर. शाळेतून निवृत्त झालेले विज्ञानाचे शिक्षक. घरात सून आणि टीव्ही दोन्ही मोठ्या आवाजाचे, म्हणून ते सकाळी इथे यायचे आणि चहात कागदाच्या पट्ट्या बुडवून आंबटपणा वहीत लिहायचे. पगार घ्यायचे नाहीत, पण चुका काढायचे.

सगळ्यात मोठी चूक त्यांनी बाटलीवर काढली होती. बाटलीच्या कागदावर ताईनं छापलं होतं, 'जिवंत चहा. प्रतिकारशक्ती वाढवतो.'

"वाढवतो म्हणजे कितीनं?" मास्तरांनी चष्मा वर करून विचारलं होतं. "कुठून कुठवर? मोजलं कुणी?"

"मास्तर, लोक पितात, त्यांना बरं वाटतं."

"बरं वाटणं वेगळं, ताई. उंदरांवर थोडंफार काम झालंय म्हणतात. माणसांवर नीट असं काहीच नाही."

"मग काय, उंदरांची प्रतिकारशक्ती वाढवतो असं छापू?"

मास्तर हसले, आणि हसले म्हणजे हरलेच. कागद तसाच राहिला. ताई वाईट बाई नव्हती. तिच्यासमोर लोक सर्दी गेल्याचं, पोट साफ झाल्याचं सांगायचे, आणि रोज चार जण एकच गोष्ट सांगू लागले की ती खोटी वाटेनाशी होते. शिवाय तिचं बोलणं असं होतं की दगडालाही तहान लागावी. "उकळलात की मेला हा चहा," ती गिऱ्हाइकांना बजावायची. "यात जीव आहे. थंड ठेवा, थंड प्या. मेलेल्या चहाचा उपयोग काय?"

आणि तरी ती स्वतः आठवड्यातून एकदा सहा बाटल्या चहा उकळायची. तो निवला की बाटल्यांत भरून पांढरी बुचं लावायची. बाकी सगळ्या बाटल्यांना तपकिरी बुचं. पांढरी बुचं फक्त धाकट्याची.

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. तीन वर्षांपूर्वी ताईनं आपली एक किडनी काढून त्याला दिली होती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तो रडला होता, तेव्हा ती म्हणाली होती, "रडतोस काय, लहानपणी माझी पेन्सिल न विचारता घ्यायचास, ही निदान विचारून तरी घेतोयस." कुशीवर वीतभर वण राहिला. आरशात दिसला की तिला आपण आयुष्यात निदान एक काम चोख केलं असं वाटायचं.

पण बाहेरचा अवयव अंगात बसवला की अंग त्याला परका समजून त्याच्यावर उठतं. म्हणून धाकट्याला जन्मभर गोळ्या होत्या, अंगातला पहारेकरी पेंगत राहावा म्हणून. सगळं जग प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून धडपडत असताना याची मात्र दाबून ठेवायची होती. डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, "गोळी एक वेळही चुकवायची नाही. आणि जिवंत, आंबवलेलं, कच्चं काही पोटात जाता कामा नये. याच्या अंगात पहारा नाही. साधा जंतूही याला आडवा करील." ताईनं तिथेच विचारून घेतलं होतं की उकळलेला चालेल का. चवीपुरता चालेल, असं त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून पांढरी बुचं सुरू झाली. आपण भावाची केवढी काळजी घेतो हे ताईला त्या सहा बाटल्या भरताना नव्यानं कळायचं, आणि खरं सांगायचं तर ते तिला आवडायचं.

धाकटा घड्याळं दुरुस्त करायचा. गोळ्यांनी किडनी टिकली, पण हात थरथरायला लागले. डोळ्याला भिंग लावून मोहरीएवढा स्क्रू चिमट्यात धरणाऱ्या माणसाचे हात थरथरले तर त्यानं करायचं काय? तो भिंतीवरची मोठी घड्याळं तेवढी घ्यायला लागला. मनगटी घड्याळ आलं की शेजारच्या दुकानाकडे बोट दाखवायचा. वर सर्दी आली की महिनाभर मुक्काम. पण तक्रार नाही. ताई दिसली की हसायचा.

यंदा मात्र तो बदलला. एका दुपारी ताई त्याच्या दुकानात डोकावली, तर हा भिंग लावून बायकांचं नाजूक घड्याळ उघडून बसलेला, आणि हात दगडासारखे स्थिर.

"अरे वा," ताई म्हणाली. "थरथर गेली की."

"गेली," तो म्हणाला आणि मान वर न करता स्क्रू बसवत राहिला.

गेली म्हणजे कशी गेली, हे तिनं विचारलं नाही. चांगल्या गोष्टीची कोण चौकशी करतं? उलट त्या दिवशी ती घरी गुणगुणत गेली.

चार महिन्यांनी धाकट्याचे पाय सुजले. मग तोंड सुजलं. मग एका सकाळी भावजयीचा फोन आला, की लघवी जवळजवळ बंद झालीय, आम्ही दवाखान्यात निघालोय. ताई हातातलं फडकं तसंच खांद्यावर टाकून धावली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिला खोलीत बोलावलं. त्यांच्यापुढे रक्ताचा अहवाल होता आणि त्यांचा चेहरा चिडलेला होता. डॉक्टर चिडलेला दिसला की समजावं, मामला दुखण्याचा नाही, माणसाचा आहे.

"गोळ्या कोण देतं त्यांना?"

"स्वतःच घेतो. बायको लक्ष ठेवते."

"रक्तात औषध नाही."

"कमी पडलं का?"

"कमी नाही. नाहीच. गेले कित्येक आठवडे त्यांनी एकही गोळी घेतलेली नाही."

ताईनं ते ऐकलं, पण समजायला वेळ लागला. मग ती म्हणाली, "तुमची काहीतरी गफलत झालीय. दर रविवारी माझ्याकडे जेवायला असतो तो. दर रविवारी मी विचारते, गोळ्या चालू आहेत ना, आणि दर रविवारी तो हो म्हणतो."

 डॉक्टरीणबाईंनी अहवाल तिच्याकडे फिरवून ठेवला.

भावजय दवाखान्यात बसलेली, म्हणून धाकट्याचे कपडे आणायला ताई त्यांच्या घरी गेली. कपड्यांचं कपाट उघडलं, टॉवेल घेतला, आणि खालच्या कप्प्यात तिला फडकं बांधलेली बरणी दिसली. फडकं सोडायची गरजच नव्हती, तो आंबूस वास तिनं झोपेतही ओळखला असता. आत तिच्याच आईची लेक तरंगत होती, बोटभर जाड झालेली, म्हणजे पाच-सहा महिने नक्की. शेजारी पांढऱ्या बुचाच्या रिकाम्या बाटल्या होत्या, आणि त्यांच्यामागे बुटांच्या खोक्यात गोळ्यांची पाकिटं, एकही न फोडलेली, महिन्यांप्रमाणे नीट लावून ठेवलेली. औषधवाल्याकडून हा दर महिन्याला गोळ्या आणत होता आणि खोक्यात पुरत होता. ताकाला जाऊन भांडं लपवणारे तिनं पुष्कळ पाहिले होते. हा तर भांडं पुढे करून ताकच लपवत होता.

ताई पलंगाच्या कडेवर बसली. तिचा हात आपोआप कुशीकडे गेला. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आली ती चीड, अशी की दात दुखायला लागले. परक्यानं फसवलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाली असती. आपलेच दात आणि आपलेच ओठ, शिव्या घालायच्या तरी कुणाला?

भावजयीला तिनं दवाखान्याच्या जिन्यात गाठलं.

"बरणीतली लेक तू उचललीस?"

 "उचलली. तुमच्या वाढदिवसाला आलो होतो तेव्हा. डब्यात घालून नेली."

"चोरून."

"मागितली असती तर दिली असती?"

"त्याला ती चालत नाही, माहीत होतं ना तुला?"

"ताई, मला काय माहीत होतं ते सांगू?" भावजयीचा आवाज चढला नाही, पण ती जिन्याचा कठडा धरून उभी होती. "दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही सांगता की उकळला की चहा मेला, मेलेल्या चहाचा उपयोग काय. आणि आमच्या घरी दर आठवड्याला सहा बाटल्या मेलेल्या येतात. मी किती दिवस ते बघत होते. म्हटलं, लोकांना जिवंत आणि सख्ख्या भावाला मेलेला, हे काय? किडनी दिली म्हणून बाकी सगळं उरलंसुरलं द्यायचं का?"

ताईला वाटलं आपण ऐकतोय ते चुकीचं आहे. ज्या बाटल्या ती जपून, वेगळ्या भांड्यात उकळून पाठवत होती, त्या या घरात उष्टं म्हणून उतरत होत्या.

"अगं, त्याच्या जिवासाठी उकळत होते."

"बाटलीवर तुम्हीच लिहिलंय की प्रतिकारशक्ती वाढते."

"ते लोकांसाठी लिहिलंय!"

"मग आम्हाला कसं कळावं, काय लोकांसाठी आहे आणि काय आमच्यासाठी?"

"आणि गोळ्या? त्या कुणी बंद केल्या?"

"त्यांनी," भावजय म्हणाली आणि आता मात्र रडायला लागली. "म्हणाले, चहा शक्ती वाढवतो, गोळी शक्ती मारते, दोन्ही घेतलं तर चहा फुकट जातो. आधी अर्धी केली. हात थरथरायचे थांबले. ते बघून पुरतीच सोडली. म्हणाले, ताईला सांगू नको, सहा महिने तब्येत सुधारलेली बघेल, मग आपणच सांगू. तिला आनंद होईल."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं म्हणतात. ताईला म्हणावंसं वाटलं, पण तोवर तिच्या ध्यानात आलं होतं. थरथर चहानं गेली नव्हती, गोळ्या सोडल्यानं गेली होती, आणि ते बघून ती स्वतः गुणगुणत घरी गेली होती.

किडनी वाचली नाही. दोन आठवडे डॉक्टरीणबाईंनी सुईतून नाना औषधं चढवून पाहिली. मग एके दिवशी सांगितलं की आता रक्त गाळायचं मशीन. आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास. ताईनं एकच विचारलं, "त्या चहानं झालं का?"

"चहानं शक्ती वाढते की नाही, मला ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "त्यातून त्यांना एखादा जंतू लागला असता तर ते याआधीच गेले असते, नशीब म्हणा. पण किडनी चहानं नाही गेली. गोळ्या सोडल्या म्हणून गेली."

हे ऐकून ताईला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटकेच्या जोरावर तिनं भावाकडे जाणं बंद केलं. तीन आठवडे फिरकली नाही. फोन आला की उचलायची नाही. टेबलाशी उभी राहायची, चहा विकायची, पण गिऱ्हाइकाशी पूर्वीसारखी बोलायची नाही. मास्तर मुकाट्यानं पट्ट्या बुडवत राहिले. एकदा त्यांनीच विषय काढला तेव्हा ती फाटकन म्हणाली, "माझ्या अंगाचा तुकडा होता तो, मास्तर. नको झाला होता तर सांगायचं होतं. रविवारी माझ्याच ताटात जेवून, माझ्याच डोळ्यांत बघून हो म्हणत होता. यालाच केसानं गळा कापणं म्हणतात."

"भेटून बोला," मास्तर म्हणाले. "मी येतो बरोबर."

मशीनची खोली लांबट होती. ओळीनं खुर्च्या, प्रत्येक खुर्चीत एक माणूस, प्रत्येकाच्या हातातून रक्ताची नळी निघून मशीनमध्ये जाऊन परत येत होती. धाकटा खिडकीशी होता. रया पार गेली होती. ताईला बघून तो हसला, पण त्या हसण्यानं तिचा राग उलट भडकला. मास्तर बाजूच्या स्टुलावर बसले.

"का फसवलंस?" ती उभ्यानंच म्हणाली. "एवढंच सांग. बाकी काही नको."

"फसवलं," तो म्हणाला. "रविवारी खोटं बोललो. त्याची माफी मागतो, कान धरतो. पण गोळ्या मी कुणाच्या शब्दावर सोडल्या, ते तुला माहीत नाही?"

"कुणाच्या?"

"तुझ्या."

"मी?" ताई जवळजवळ ओरडली. शेजारच्या खुर्चीतल्या म्हातारीनं डोळे उघडले. "डॉक्टरीणबाईंच्या खोलीत मी तुझ्या शेजारी बसले होते. तुझ्यासाठी मी वेगळा चहा उकळत होते. आणि मी तुला गोळ्या सोड म्हणाले?"

"सोड नाही म्हणालीस. ऐक तर. गेल्या वर्षी एका दुपारी मी तुझ्या टेबलाशी आलो होतो. त्या दिवशी एका माणसाचं घड्याळ माझ्या हातातून पडून फुटलं होतं, त्याच्या वडिलांचं होतं. मी तसाच उठून आलो. मला कुणाला तरी विचारायचं होतं. तुझ्यापुढे रांग होती. मी म्हटलं, ताई, खरंच वाढते का गं शक्ती? खरं सांग."

"मला आठवत नाही."

"मला आठवतं. तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि रांगेतल्या लोकांना म्हणालीस, वाढते का म्हणून काय विचारतोस? हा बघा, हा माझा भाऊ. केवढ्या मोठ्या ऑपरेशनमधून उठलाय, बघा कसा उभा आहे. ही या चहाची ताकद."

"मी असलं काही बोलणारच नाही," ताई म्हणाली. तिला खात्री होती. "तू आता आपलं झाकायला माझ्यावर ढकलतोयस. मास्तर, ऐकताय ना? तुम्ही रोज तिथे असता. सांगा याला."

मास्तर आपल्या बुटांकडे बघत होते. मशीनचा टिक-टिक आवाज चालला होता. 

"मास्तर?"

"होतो मी तिथे," मास्तर म्हणाले. "पट्टी बुडवत होतो. तो म्हणतो तसंच झालं."

 ताई खुर्चीच्या कडेला, भावाच्या पायांशी बसली. "मग तेव्हा का नाही बोललात?"

"गिऱ्हाइकं होती, ताई. त्यांच्यासमोर तुम्हाला खोटं कसं पाडू? मला वाटलं, घरी गेल्यावर तुम्ही त्याला खरं काय ते सांगाल."

तीन आठवडे ती एक फसवली गेलेली बाई होती, आणि ते दुःख मोठं असलं तरी त्यात तिला ताठ बसता येत होतं. आता बसायला जागाच राहिली नाही. तिनं आठवून पाहिलं. ती दुपार आठवेना. तशा दुपारी पुष्कळ होत्या, तशा रांगाही पुष्कळ होत्या, आणि हात ठेवायला कुणाचा तरी खांदा नेहमीच असायचा.

"मी गिऱ्हाईक म्हणून नव्हतं विचारलं गं," धाकटा हळू आवाजात म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "रांगेत उभा होतो, पण भाऊ म्हणून विचारलं. तू गिऱ्हाइकाला देतेस ते उत्तर दिलंस. मला कुठलं उत्तर कुणासाठी, ते कळलं नाही. तू माझ्यासाठी पोट फाडून घेतलंस. तू खोटं सांगशील असं मला कसं वाटावं?"

नर्स आली, नळी तपासली, आकडा लिहिला आणि गेली. ताईनं भावाचा मोकळा हात हातात घेतला. तो गार होता. 

"मला ठाऊक नाही रे," ती म्हणाली. "वाढते की नाही, मला खरंच ठाऊक नाही. तेव्हाही नव्हतं."

धाकट्यानं डोळे मिटले आणि मान खुर्चीच्या पाठीला टेकवली.

"एवढंच विचारलं होतं मी," तो म्हणाला.